घरात चुली किती?

"चूल वेगळी झालीच आहे ना? मग कागदावर तसं लिही, म्हणजे मिटलं," दिगंबर म्हणाला.

हेल्मेट त्याच्या हातातच होतं. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर तो पाहुण्यासारखा उभा होता आणि बोलत मात्र मालकासारखा होता. दिगंबर माझा नवरा. आदल्या पावसाळ्यात तो चाकणला दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला गेला, आणि तेव्हापासून कधी स्वेटर, कधी एखादं प्रमाणपत्र, असं काहीबाही न्यायला अधूनमधून उगवायचा. त्या दिवशी तो काही न्यायला आला नव्हता.

ते २००१ साल होतं, फेब्रुवारी महिना. मी निगडीला महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवत होते आणि सगळ्या मास्तर-बाईंसारखी मलाही जनगणनेची ड्यूटी लागली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवून, खांद्याला जाडजूड पिशवी लावून मी आमच्याच वस्तीतली घरं मोजत फिरत होते. आमचं घरही माझ्याच गटात येत होतं.

"काय लिहू म्हणता?" मी विचारलं.

"जे आहे तेच. आबा आणि मी एक कुटुंब, तू वेगळी. आबा स्वतःचं स्वतः शिजवून खातात, तू तुझं खातेस. सरकारचाच नियम आहे ना, एका चुलीवर जेवतील ते एक कुटुंब?"

"तुम्हाला नियम कोणी सांगितला?"

"परवा तिकडं आली होती तुझ्यासारखीच एक बाई, मोजायला. तिनंच सांगितलं."

 त्याचं ते वाक्य मी नीट बाजूला ठेवून दिलं.

"रविवारी अण्णांना घेऊन येतो," तो पुढं म्हणाला. "त्यांच्यासमोर लिही. तू वेगळी आहेस हे एकदा सरकारी कागदावर आलं, की भावकीत कोणी तोंड उघडणार नाही. तू फलटणला माहेरी जा, नाहीतर खोली घेऊन राहा. आम्ही दोघं इथं राहायला येतो. आबांकडं बघायला घरात बाई तर पाहिजे."

जनगणनेच्या कागदानं कुणाचं घर कुणाचं होत नाही, हे मी त्या महिन्यात दारोदार सांगत होते. पण आमच्या भावकीला ते पटवणार कोण? अण्णा म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ. आकुर्डीला राहायचे. भावकीतली लग्नं, भांडणं, वाटण्या सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. घर आबांच्या नावावर होतं आणि आबांनी जन्मात अण्णांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. अण्णा 'जा' म्हणाले असते, तर मला पिशवी भरावी लागली असती.

आणि आबा? माझे सासरे त्याच खोलीत होते. आमच्याकडं पाठ करून कोपऱ्यातल्या स्टोव्हवर पिठलं हलवत होते. त्यांनी मान वळवली नाही. दिगंबर गेला, फटफटीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला, तरी त्यांचं हलवणं चालूच होतं. पिठलं खाली लागल्याचा वास सगळ्या घरात पसरला.

त्या स्टोव्हचं सांगायला हवं.

दिगंबर गेला त्या आठवड्यात आबांनी मला समोर बसवलं. कंपनीत जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस, बोलणं मोजकंच. "उज्ज्वला, तू म्हायेरला जा," एवढंच म्हणाले. मी म्हणाले, "माझी शाळा इथं आहे, माझं घर इथं आहे. मी का जाऊ? ज्याला जायचं होतं तो गेला."  दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पुढच्या खोलीत नवा वातीचा स्टोव्ह, शेजारी रॉकेलचा डबा, पिठाचा डबा, एक पातेलं, एक ताट. "आजपासनं माझं मी करून खाईन," आबा म्हणाले, आणि तोंडाला कुलूप लावून बसले.

मला काय कळायचं ते कळलं. मी ऐकलं नाही, म्हणून माझ्या हातचं अन्न त्यांना नकोसं झालं. मुलगा कितीही वंगाळ वागला तरी शेवटी पोटचा आणि सून परक्याची. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, करा. किती दिवस करताय ते बघू.

तर त्यांनी ते केलं. त्यांना स्वयंपाक येत नव्हता म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणे बोलणं झालं. भात एक तर गिचका व्हायचा नाहीतर चावता यायचा नाही. भाकरीच्या वाटेला ते एकदाच गेले आणि पुन्हा गेले नाहीत. वाती मात्र कात्रीनं अशा समान कापायचे की ज्योत कशी निळीशार. फिटरचा हात तेवढा दिसायचा. ती ज्योत बघून मला हसू यायचं आणि पातेल्यात डोकावलं की रडू.

मीही हट्टाला पेटले होते. रोज दोघांचा स्वयंपाक करायचे. दोघांच्या भाकऱ्या, दोघांची भाजी, आणि आबांचा वाटा ओट्यावर झाकून ठेवायचे. 'आबा, जेवायला चला' असं एकदाही म्हटलं नाही. पण एकटीपुरतंही कधी शिजवलं नाही. सकाळी झाकलेलं तसंच असायचं, ते मी डब्यात घालून शाळेत न्यायचे. आमच्या शाळेतल्या बायका म्हणायच्या, काटकरबाई, तुमचा डबा नेहमी शिळा कसा? मी म्हणायचे, मला शिळंच आवडतं.

दिगंबर येऊन गेल्यावर मी पर्यवेक्षक तांबोळी सरांना गाठलं. म्हटलं, माझ्या घराची मोजणी दुसऱ्या कुणाकडं द्या.

"का हो?"

"घरचं आहे म्हणून."

"गटात येतं ना? मग तुम्हीच करायचं. बाई, अहो सगळ्यात सोपं घर ते तुमचं."

मी हसले. दुसरा इलाज नव्हता. आणि घरी येता येता माझ्याच मनानं घेतलं, की बरं झालं. माझ्या घराबद्दल कुणाला काही लिहायचंच असेल तर माझ्या हातानं लिहू दे. खोटं मात्र लिहायचं नाही. ना त्याच्या बाजूचं, ना माझ्या.

त्याच संध्याकाळी एक गंमत झाली. त्या दिवशी मी एका खोलीत सहा पोरं मोजून आले होते. लातूर-उदगीरकडची, सगळी कंपनीत कंत्राटावर. कुणाचं कुणाशी नातं नाही, आडनावं सहा तऱ्हेची, पण जेवण एकत्र. म्हणजे नियमानं ते एक कुटुंब. मग प्रमुख कोण? वयानं मोठा म्हणाला मी नाही, खोली ज्याच्या नावावर तो म्हणाला मी नाही. सगळ्यांनी मिळून कोपऱ्यात कांदा चिरत बसलेल्या एका किडकिडीत पोराकडं बोट दाखवलं. "हा. हा नसला तर आम्ही उपाशी." तो पोरगा इतका लाजला की कांदा टाकून बाहेर पळाला.

घरी आल्यावर मी ही हकिकत मोठ्यानं सांगितली. कुणाला? भिंतीला म्हणा, ओट्याला म्हणा. तशी मी रोजच बोलायचे. आबा पेपर तोंडापुढं धरून बसले होते. माझं बोलून झालं आणि मी भाजी फोडणीला टाकली, तोच पेपरामागून आवाज आला.

"मग? परमुख कोन लिवला?"

इतक्या महिन्यांत आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तोच लिहिला, आबा. घरातली माणसं सांगतील तो प्रमुख. आम्ही ठरवायचं नसतं."

"आसं व्हय," आबा म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला.

रविवारी दहाच्या सुमाराला दिगंबर अण्णांना फटफटीवर बसवून घेऊन आला. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. मी चहा ठेवला. अण्णांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हं. सुरू करा काय ते."

मी गळ्यात ओळखपत्र घातलं. दिगंबरला हसू आलं. "घरात कशाला ते?"

"मोजणीला बसले की घालायचं असतं," मी म्हणाले, आणि सतरंजीवर आबांच्या समोर बसले.

लग्नाच्या अकरा वर्षांत मी आबांचं नाव कधी त्यांच्यासमोर उच्चारलं नव्हतं. विचारायची तर वेळच आली नव्हती. पण त्या दिवशी मी पेन उघडलं आणि इतर घरांत विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "आपलं नाव?"

आबा ताठ बसले. "ज्ञानोबा सखाराम काटकर."

"इथं कोण कोण राहतं? या महिन्यात इथं राहिलेली माणसं सांगायची."

"मी राहतो," दिगंबर मध्येच म्हणाला. "दिगंबर ज्ञानोबा काटकर. लिही."

"तुमची मोजणी झालेली आहे."

"कुठं?"

"चाकणला. परवा तिकडं बाई येऊन गेली, असं तुम्हीच गुरुवारी इथं उभं राहून सांगितलंत. तिनं तुम्हाला काय म्हणून लिहिलं?"

 अण्णांनी बशी खाली ठेवली. "काय रं, काय म्हनून लिवलं तुला?"

"प्रमुख म्हणून," दिगंबर पुटपुटला.

"आणि तुमच्याबरोबर राहतात त्यांना?" मी विचारलं.

"पत्नी."

हे उत्तर मला ठाऊकच होतं. तरीही ऐकताना आतून काहीतरी तुटलं, खोटं कशाला बोलू. पण पेन खाली ठेवलं नाही. "एक माणूस एकदाच मोजायचा असतो," मी म्हणाले. "तुम्ही तिथले. इथं तुम्हाला लिहिता येणार नाही."

"नको लिहूस!" दिगंबरचा आवाज चढला. "माझं राहू दे. पण आबा आणि तू एक नाही, हे तर लिहावंच लागेल. अण्णा, तुम्हीच बघा. हा बघा स्टोव्ह. हा डबा. ती आत शिजवते, हे बाहेर शिजवतात. इतके महिने आबा हिच्या हातचा घास खात नाहीत. चूल वेगळी म्हणजे वाटणी झाली, का नाही? मग ही इथं कोण?"

अण्णांनी काठीच्या टोकानं तो स्टोव्ह जरा हलवून बघितला. "खरं हाय का रं, ज्ञानू? तू ह्या पोरीच्या हातचं खात न्हाईस?"

"न्हाई," आबा म्हणाले.

 प्रश्न माझा होता, तो मलाच विचारायचा होता. मी विचारला.

"घरात चुली किती?"

 मी पेन कागदावर टेकवून बसले. 'दोन' म्हणाले असते तर मी दोन लिहिलं असतं. आई शप्पत लिहिलं असतं.

"चुली किती, आबा?"

"त्यो इस्टो कशापायी मांडला, ते इच्यार आधी," आबा म्हणाले. पण बघत होते अण्णांकडं.

"कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"लाज वाटली म्हनून." आबांचा आवाज फाटला. "पोरगं माझं. त्यानं हिच्या ताटात माती कालवली, आन मी हिच्याच हातनं वाढून घ्यायचं? ही शाळंत उभी ऱ्हाऊन येनार, दळनार, शिजवनार, आन मी, त्याचा बाप, आयतं पाटावर बसनार? कुटल्या तोंडानं बसू, अण्णा? म्हनून म्हनलं म्हायेरला जा. वय हाय तुझं, पुन्यांदा काय तरी बघशील. ही ऱ्हायली. मग मीच उटलो पाटावरनं."

 इतके महिने मी त्यांचा राग मोजत होते आणि तो राग नव्हताच. ते स्वतःला शिक्षा करत होते आणि मी ओट्यापाशी उभी राहून ती बघत होते. मला एकदम ओरडून विचारावंसं वाटलं, की मग बोलला का नाहीत? पण बोलायचे तर ते आबा कसले.

दिगंबर म्हणाला, "आबा, ते सगळं ठीक आहे. पण चुली दोनच ना?"

आबा उठले. कोपऱ्यात जाऊन स्टोव्हच्या वाती पार आत फिरवल्या. टाकीला धरून तो उचलला, मागच्या दाराशी नेऊन ठेवला. मग पिठाचा डबा काखेत मारला आणि आत जाऊन माझ्या डब्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "लिव. एक."

मी पेनाचं टोपण लावलं.

"नाही लिहिता येणार, आबा."

"का गं?"

"काय होणार ते लिहायचं नसतं. काय आहे ते लिहायचं. तुम्ही माझ्याकडं जेवत नाही."

अण्णा खोकले, हसले असावेत. दिगंबर म्हणाला, "बघा! ही स्वतःच म्हणतेय!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. दिगंबर गेल्यापासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं. मग त्यांनी भिंतीला उभा केलेला पाट घेतला, खाली टाकला, त्यावर मांडी घालून बसले.

"मग वाढ," म्हणाले.

मी आत गेले. ओट्यावर आबांचा वाटा झाकलेला होताच. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, वाटीत आमटी. ताटात घेतलं, कांदा फोडून ठेवला आणि ताट आबांपुढं आणून ठेवलं. पाणी ठेवेपर्यंत आबा ताटाकडं बघत होते.

"एवढ्या झटक्यात कसं झालं?"

"रोजच असतं, आबा."

"रोज?"

"रोज."

आबांनी भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते न पुसताच ते जेवत राहिले. अण्णांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. दिगंबर उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. आबांनी दोन्ही भाकऱ्या संपवल्या, आमटी वाटीनं प्याले, ताटातच हात धुतला.

"आता?"

"आता लिहिते," मी म्हणाले. "चूल, एक. कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"उज्ज्वला काटकर."

"आबा..." दिगंबर म्हणाला.

"घरातली मान्सं सांगतील त्यो परमुख. आसंच हाय ना गं?"

"तसंच आहे."

"मग मी घरातला. मी सांगतो. ही नसली तर मी उपाशी." आबा अण्णांकडं वळले. "अण्णा, तुमचा शबूद मी कदी मोडला न्हाई. आज काय बोलायचं आसंल तर इच्यार करून बोला."

अण्णा काठी टेकत उठले. "मी कशाला बोलू? सरकारच्या कामात आपुन पडू ने," ते म्हणाले. दिगंबरच्या दंडाला धरून त्यांनी त्याला दाराकडं वळवलं. "चल रं. मला आकुर्डीला सोड, आन मग तुझ्या घरला जा."

'तुझ्या घरला' हे त्यांनी जरा दमानं म्हटलं. दिगंबरला ते कळलं. हेल्मेट घालताना त्यानं माझ्याकडं बघितलं, पण माझी मान कागदात होती. माझ्या नावासमोर वैवाहिक स्थितीचा रकाना रिकामा होता. तिथं काय लिहायचं, हे मला कुणाला विचारायचं नव्हतं. नवऱ्यापासून वेगळी. मी ते माझ्या हातानं, नीट वळणदार लिहिलं, जसं पोरांना फळ्यावर लिहून देते. मला वाटलं होतं लिहिताना रडू येईल. नाही आलं. उलट हलकंच वाटलं.

फटफटी गेली. एकच प्रश्न राहिला होता.

"तुमचं प्रमुखाशी नातं?"

आबा विचारात पडले. "मुलगा तर ऱ्हात न्हाई हितं. मग मला काय लिवतेस?"

"सासराच लिहिणार. दुसरं काय?"

"चालतं का तसं? मधला मानूस नसताना?"

"चालतं, आबा," मी म्हणाले.

पुढं मी रीतसर घटस्फोट घेतला. आबांनी तारखांना माझ्याबरोबर कोर्टात यायचं सोडलं नाही. तो स्टोव्ह मागच्या दाराशी बरीच वर्षं होता. गॅस संपला की आबा त्यावर चहा करायचे, आणि चहाही वाईटच करायचे.

दहा वर्षांनी पुन्हा जनगणना आली. मला तेव्हा दुसरीकडची वस्ती मिळाली होती. आमच्या घरी कोण मोजायला आलं, ते मला शेजारच्या बाईनं सांगितलं. एक तरुण मास्तर होता. आबा ओट्याशी भाजी निवडत बसलेले; ऐंशी उलटली होती, डोक्यावर एक काळा केस नव्हता. त्यानं वाकून नमस्कार केला, खुर्ची ओढली, पेन काढलं आणि स्वतःच लिहायला सुरुवात केली. "आजोबा, कुटुंबप्रमुख तुम्हीच ना?"

"न्हाई," आबा म्हणाले. "परमुख शाळंत गेल्यात. संध्याकाळी ये."